एकाच पातेल्यातलं वरण

दाजींचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घरीच होतो. "पित्त झालं होतं तिला... गेली," एवढंच ते म्हणाले. रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, पित्तानं माणूस मरत नाही. दुसरं मनात आलं, हा शब्द दाजींचा नाही. हा त्यांच्या थोरल्या भावाचा, अप्पांचा शब्द आहे. लातूरला पोचल्यावर दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

सुनंदाताई माझी मोठी बहीण. लातूरच्या एका कॉलेजात ती मानसशास्त्र शिकवायची. अप्पांची डाळमिल, मोठं घर, आणि घरात शब्द त्यांचाच. "आपल्या घरात येडं कुणी न्हाई, मग ही कुणासाठी शिकून राहिली?" असं ते चारचौघांत म्हणायचे आणि सगळे हसायचे. ताईही हसायची. मी हसत नसे.

एकदा मी तिच्याकडे गेलो असताना तिनं जेवताना प्रत्येकाच्या ताटात वरणाच्या दोन वाट्या ठेवल्या. अप्पांच्या ताटात आमच्या आईनं दिलेल्या काशाच्या, बाकीच्यांना स्टीलच्या. "अप्पा, चांगलं कोणतं ते सांगा." अप्पांनी एकेक घोट घेतला. "उजवीकडचं. डावीकडच्याला वासच न्हाई. डाळीत जन्म गेला माझा." मग सगळ्यांनी चाखलं. "हाव, डावं पचपचीतच हाय," ताईची धाकटी जाऊ म्हणाली. "डाळ जुनी असंल," कुणी म्हणालं. दाजींनीही मान हलवली. ताई शांतपणे म्हणाली, "अप्पा, पातेलं एकच हाय." एक जण हसला आणि अप्पांकडे बघून गप्प झाला. त्या दिवसानंतर अप्पांनी ताईच्या हातचं वरण खाल्लं नाही.

मला तिनं नंतर समजावलं होतं. "ते खोटं बोलले न्हाईत रे. मोठा माणूस आधी बोलला की बाकीच्यांना आपलीच जीभ चुकली वाटती. परदेशात प्रयोग झालेत याच्यावर. समोर सरळ दिसणाऱ्या रेघा, कोणती लांब ते लहान पोरगंबी सांगंल, पण आधीचे सगळे चूक बोलले की शहाणा माणूसबी लई वेळा चूकच बोलतो. आणि एक जरी माणूस वेगळं बोलला ना, की बाकीच्यांना धीर येतो." यावर उपायही ती पाळायची. वर्गात उत्तर आधी चिठ्ठीवर लिहून घ्यायची. आमच्या घरी काही ठरवायचं असलं की सगळ्यांत लहान पोराला पहिलं विचारायची.

ताई गेली त्या दिवशी अप्पांच्या घरी नातवाचं जावळ होतं. ताईला घाम फुटला, हात आणि जबडा दुखू लागला. अप्पा म्हणाले, "पित्त हाय. उपाशी राहायची सवय. सोडा द्या." आणि सगळ्यांना पित्त दिसू लागलं. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका होता, उशीर केलात.

तेराव्याला अप्पा पाहुण्यांना सांगत होते, "दुखणं अंगावर काढलं तिनं. कुणाचं ऐकतच नव्हती." आणि माना हलत होत्या. हे माझ्यानं ऐकवेना. मेल्यावरही तिच्याच माथी दोष... मग मी तिच्या पद्धतीनं गेलो. जावळाला तिच्याजवळ असलेल्या आठ जणांना मी एकेकट्याला गाठलं, कुणाला स्वयंपाकघरात, कुणाला फाटकापाशी. विचारलं, तेव्हा तुम्हाला स्वतःला काय वाटलं होतं? तिला दवाखान्यात न्यावं, असं सहा जणांना वाटलं होतं. दाजी सहावे. "गाडीची चावी हातात होती माझ्या," ते म्हणाले. "अप्पा बोलले, मग खिशात टाकली."

मी बैठकीत आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "अप्पा, सहा जणांना दवाखाना वाटत होता. तुम्ही पहिले बोललात म्हणून ते गप्प बसले."

"कोण सहा? नावं सांगा."

मी सांगितली नाहीत. मग दाजी म्हणाले, "मी एक." ते ऐकून धाकटी जाऊ म्हणाली, "मलाबी वाटलं होतं." तिच्यामागून आणखी एक आवाज आला. अप्पा उठून आत गेले.

लोक म्हणतात, आता झालं गेलं विसरा. मी विसरणार नाही, आणि मोठ्या मनाचा असल्याचा आवही आणणार नाही. हे लिहिलेलं ज्यात छापून येईल ती वर्तमानपत्राची पुरवणी अप्पांच्या घरी येते. रविवारी सगळ्यांना बसवून ती मोठ्यानं वाचून दाखवायची सवय त्यांचीच. अप्पा, वाचायला घेतलं असेल तर मध्येच थांबू नका. ऐकणारे बसले आहेत.

ताईची पुस्तकं कॉलेजला गेली. तुला काय हवं, असं दाजींनी विचारलं तेव्हा मी काशाच्या त्या दोन वाट्या मागितल्या. त्या आता आमच्या फडताळात आहेत, दर आठवड्याला मी स्वतः घासतो. यंदा माझ्या मुलीचं लग्न आहे. पहिली पत्रिका अप्पांना जाईल. घरच्या पंगतीत त्यांना मधोमध बसवीन, त्यांच्या त्या दोन्ही वाट्या आणि बाकीच्यांच्या दोन-दोन वाट्या एकाच पातेल्यातून भरीन, आणि वरण कोणतं चांगलं ते विचारीन. आधी पंगतीतल्या सगळ्यांत लहान पोराला. मग एकेक करत सगळ्यांना. अप्पांना शेवटी.