वर गेलेले हात

माझं अक्षर वाईट आणि शुद्धलेखन कच्चं, माफी असावी.

काजूच्या कारखान्यात आम्हा बायकांची सुरक्षा प्रतिनिधी निवडायची होती. मुकादमानंच माझं नाव सुचवलं. सगळ्यांनी हात वर केले, पण बघत होत्या मुकादमाकडे.

"मुक्या गाईला दावंही लागत नाही, बाई," शेजारी बसलेली शेवंताकाकी माझ्या कानात म्हणाली.

मी गप्प राहणारी म्हणूनच त्यानं मला निवडलं, हा संशय मलाही होता. काजूच्या टरफलाच्या जळजळीत तेलानं सोलवटलेले ते हात मी बघत राहिले. हात मतानं वर जातो की भीतीनं, हे नुसतं बघून कळत नाही. मी उभी राहून कसंबसं म्हटलं, "हातमोजे कारखान्यानं फुकट द्यायचे असतात. त्यांचे पैसे जिच्या मजुरीतून कापले, तिनं हात खाली घेऊ नये."

एकही हात खाली आला नाही.

"चूक झाली असेल," मुकादम हसला. त्याच्या हसण्यावर माझा विश्वास नाही. पण आज प्रत्येकीचे कापलेले पैसे पूर्ण परत मिळाले.