चपला बाहेर, आप्पा आत

सांगलीहून मंचरला जायचं तर पुण्यात उतरावं लागतं. शिवाजीनगर स्थानकावर नारायणगावकडे जाणारी कोणतीही एसटी पकडावी आणि सकाळची वेळ असेल तर डाव्या हाताची खिडकी घ्यावी, कारण ऊन उजवीकडून येतं. चाकणपर्यंत पाहण्यासारखं फारसं काही नाही. खेडचा घाट चढला की हवा बदलते, आणि कांदा, बटाटा, ऊस अशी शेतं दोन्ही बाजूंनी सोबत करू लागतात. थंडीचे दिवस होते. मी शाल, मफलर, पाण्याची बाटली आणि बहिणीसाठी सांगलीचं भडंग एवढंच घेतलं होतं. भडंग पिशवीत सर्वांत वर ठेवावं. मी खाली ठेवलं होतं.

धाकटी बहीण शैला मंचरला दिलेली आहे. तिने आणि तिचा नवरा विलास याने सासऱ्यांचं जुनं किराणा दुकान मोडून त्याच जागी नव्या पद्धतीचं दुकान काढलं होतं. गिऱ्हाईकाने आत यायचं, हातात टोपली घ्यायची, मांडणीवरून हवं ते स्वतः उचलायचं आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. पुण्यात तोवर अशी दुकानं बरीच झाली होती, सांगलीतही एक निघालं होतं. उद्घाटनाला मला रजा मिळाली नाही. नंतर शैलाचा फोन आला. म्हणाली, ‘‘ताई, तू येच. लोक येतात, बघतात आणि जातात.’’

स्थानकापासून दुकान चालत जाण्यासारखं आहे. लांबून प्रथम दिसला तो चपलांचा ढीग. पायरीवर, पायरीखाली, थेट गटारापर्यंत चपला. एवढी गर्दी असताना शैलाला तक्रार कसली, असं मनात म्हणत मी आत गेले.

आत पूर्ण शांतता होती. पांढऱ्या फरशीवरून पंधरावीस माणसं अनवाणी, एकामागे एक, हात पाठीमागे बांधून चालली होती. साबणाकडून बिस्किटांकडे, बिस्किटांकडून डाळींकडे. बोलणं कुजबुजत. निरगुडसरचे एक पागोटेवाले गृहस्थ चहाच्या पुड्यांसमोर बराच वेळ थांबले, त्यांनी मान हलवली आणि प्रदक्षिणा पूर्ण करून बाहेर पडले. टोपल्यांची उतरंड दाराशी जशीच्या तशी होती.

शैलाने खुलासा केला. उद्घाटनाच्या दिवशी दुकानाच्या मधोमध सत्यनारायण घातला होता. पूजेला आलेल्यांनी रिवाजाप्रमाणे चपला बाहेर काढल्या. पूजा उठली, पण पांढरी फरशी तिथेच राहिली, त्यामुळे रिवाजही राहिला. शैलाने ‘चपला घालून आत यावे’ अशी पाटी आतल्या भिंतीवर लावली. लोक चपला काढून आत येत आणि ती पाटी वाचत. राहिला हात लावण्याचा प्रश्न. दुकानदाराने दिल्याशिवाय त्याच्या मालाला हात लावायचा नाही, हे इकडे लहानपणीच शिकवतात, आणि चांगलं शिकवतात.

खरी अडचण मागच्या अंगणात होती. तिथे पत्र्याखाली जुन्या दुकानाची फळी (गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यामधला लांब लाकडी ओटा) ठेवली होती आणि तिच्यामागे, भिंतीकडे तोंड करून, शैलाचे सासरे आप्पा पेपर वाचत बसले होते. चाळीसेक वर्षं ते या फळीमागे रस्त्याकडे तोंड करून बसले होते. नव्या दुकानाला त्यांनी होकार दिला होता, पण एका अटीवर. येत्या आठवडे बाजारापर्यंत जुनं गिऱ्हाईक माल घेऊ लागलं नाही, तर फळी पुन्हा आत आणि मांडण्या बाहेर. तोवर दुकानात पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. ये-जा मागच्या दाराने. शैलाशी अबोला नव्हता, पण बोलणं जेवणापुरतं होतं.

मी नमस्कार केला. त्यांनी विचारलं, ‘‘सांगलीत कसं चालतं हे?’’

मी म्हटलं, ‘‘चालतं.’’

‘‘मंग तिथली माणसं निराळी,’’ असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या इतर दुकानांची पाहणी केली. मंचरला मुक्काम करणाऱ्यांच्या सोयीसाठी थोडक्यात सांगते. स्थानकाजवळची दुकानं घाईच्या खरेदीला बरी. पेठेतली दुकानं निवांत, तिथे बसायला बाकडं आणि ऐकायला बातम्या मिळतात. मसाल्याचं सामान पेठेत घ्यावं. भाजीसाठी बाजाराच्या दिवसापर्यंत थांबावं. प्रत्येक दुकानात मी शैलाच्या दुकानाचा विषय काढला आणि प्रत्येक ठिकाणी दुकानदाराने सुस्कारा सोडून दुसरंच काही बोलायला सुरुवात केली. मला तो धंद्यातला मत्सर वाटला.

दुपारी मासवडी खाल्ली. (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण गुंडाळून कापलेल्या वड्या, नावाशिवाय माशाचा संबंध नाही.) रस्सा जपून घ्यावा. मी जपून घेतला नाही, त्यामुळे उरलेली दुपार पाहणी बंद होती.

संध्याकाळी विलास म्हणाला, तांदळाची मांडणी रिकामी आहे. आप्पांच्या दुकानाचं नाव डोंगरातल्या वासाच्या तांदळावर होतं, आणि तो आणणारा घाटघरचा ठकाजी यंदा आलाच नव्हता. उद्या आपणच जाऊ. बाजार परवावर आला होता.

सकाळी टेम्पोने निघालो. नारायणगावपर्यंत मोठा रस्ता, तिथून जुन्नर. जुन्नरची पेठ जुनी आहे. दुकानं अरुंद आणि खोल, मालक अंधारात आणि माल उजेडात. तिथे चहा घेतला. जुन्नरच्या पुढे रस्ता डोंगरांच्या मधून जातो. उजवीकडे-डावीकडे किल्ले येतात, विलास नावं सांगतो आणि टेम्पोच्या आवाजात ती ऐकू येत नाहीत. घाटघरच्या अलीकडे भाताची कापलेली खाचरं, कडेला नाचणीच्या काडाचे भारे, आणि पुढे एकदम जमीन संपून कोकण सुरू होतं. ते पाहायला मुद्दाम वेळ काढून जावं. आम्हाला वेळ नव्हता.

ठकाजी घरी नव्हता, रानात गेला होता. त्याची आई हौसाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. विलासला पाहताच तिने सूप खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. बसायला घोंगडं टाकलं, पण पाणी विचारलं नाही, चहाचं नाव नाही. घाटघरला पाणीही न विचारण्यासारखं आमच्याकडून काय झालं, याचा मी विचार करू लागले. हौसाबाई विलासच्या डोक्याकडे टक लावून पाहत होती. विलासचे केस दाट आहेत आणि तो तेल लावून व्यवस्थित भांग पाडतो.

शेवटी ती म्हणाली, ‘‘भाऊ, डोस्कं नाय केलं?’’

विलास म्हणाला, ‘‘कशाला?’’

‘‘बाप गेल्यावं करत्यात ना, बाबा. का तुमच्यात आता तेबी बंद झालं?’’

विलासने घोंगड्याचा काठ धरला. मग उलगडा झाला. ठकाजी तांदूळ घेऊन मंचरला आला होता. त्याने लांबून चपलांचा ढीग पाहिला, आत माणसं हात बांधून मुकाट्याने फिरताना पाहिली. फळी जागेवर नव्हती आणि फळीमागे आप्पा नव्हते. एवढं पाहिल्यावर आणखी विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुःखाच्या घरी तांदळाचा भाव कुठे करायचा, म्हणून तो तसाच परत फिरला आणि वाटेत एसटीत भेटेल त्याला सांगत आला. सुतकात असलेल्या माणसाला चहापाणी विचारायचं नाही, म्हणून हौसाबाईने विचारलं नव्हतं.

‘‘आजी, आप्पा आहेत. सकाळी पोहे खाऊन बसलेत,’’ मी म्हटलं.

तिने विलासकडे पाहून खात्री करून घेतली. मग आत जाऊन चुलीवर चहा ठेवला, आणि चहाबरोबर एक बांधलेलं गाठोडं आणलं. आप्पांच्या तेराव्याला म्हणून तिने सर्वांत चांगला तांदूळ वेगळा काढला होता. विलास म्हणाला, राहू द्या आता.

‘‘न्या,’’ ती म्हणाली. ‘‘कवातरी लागंलच.’’

दुकानासाठीची पोती वेगळी भरून घेतली आणि निघालो. विलासच्या मोबाइलला जुन्नरपर्यंत रेंज नव्हती. रेंज आली तेव्हा दुकानाचा फोन लागत नव्हता.

मंचरला पोहोचलो तेव्हा दारासमोर अवसरी बुद्रुकची जीप नुकतीच थांबली होती. त्यातून डोक्यावर पदर घेतलेल्या सातआठ बायका उतरल्या. प्रत्येकीच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, पुढच्या बाईच्या हातात पिठल्याचा डबा. ही कडू भाकरी. (ज्या घरी मृत्यू झाला तिथे चूल पेटत नाही, म्हणून इतरांनी नेऊन द्यायचं जेवण.) विलास टेम्पोतून उतरेपर्यंत त्या चपला काढून आत गेल्याही होत्या.

शैला गल्ल्यावर होती. एकदम सातआठ गिऱ्हाइकं आलेली पाहून ती हसतमुखाने पुढे झाली आणि दुकानाच्या पद्धतीप्रमाणे तिने टोपली पुढे केली. बायकांनी सुनेच्या हसण्याकडे एकदा पाहिलं, आपापसांत पाहिलं आणि भाकरी टोपलीत ठेवल्या. मग डबेवाली भीमाबाई डाळींच्या मांडणीला टेकून खाली बसली आणि तिने आप्पांच्या नावाने गळा काढला. भीमाबाईच्या घरची चारही लग्नं आप्पांच्या किराण्यावर झाली होती, आणि ते सगळं त्या रडण्यात येत होतं: मुलीच्या लग्नातला गूळ, नातवाच्या बारशाचे घुगऱ्यांचे हरभरे, सगळं नावानिशी.

आपलं नाव ऐकून मागचं दार उघडलं. आप्पा हातात पेपर घेऊन, पायात वहाणा तशाच ठेवून, प्रथमच त्या पांढऱ्या फरशीवर आले. साबण आणि बिस्किटं यांच्यामध्ये थांबले.

‘‘कोण गेलं?’’ त्यांनी विचारलं.

भीमाबाईचं रडणं थांबलं. ‘‘तुमी,’’ ती म्हणाली.

आप्पांनी यावर विचार केला. ‘‘कवा?’’

‘‘नव्या दुकानाच्या दिशी. बाहेर चपला बघितल्या की आमी. आन् तुमी कुठं दिसंना.’’

शैला माझ्याकडे पाहत होती. आप्पा हळूहळू वळले आणि त्यांनी दुकान पाहिलं: मांडण्या, टोपल्या, दाराबाहेरच्या चपला, भिंतीवरची पाटी. पाटी त्यांनी दोनदा वाचली असावी. मग शैलाला म्हणाले, ‘‘लई दिवस मला कुणी हाक मारली न्हाई दुकानातून. मला वाटलं, तुजं धोरणच हाय.’’

‘‘मला वाटलं, तुम्ही रागावलात,’’ शैला म्हणाली.

‘‘रागावलोच व्हतो.’’

मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि अशा वेळी तोंड गोड केल्याशिवाय जायचं नसतं. आप्पांनी भीमाबाईला साखर घ्यायला सांगितलं. ती हात पुढे करून थांबली.

‘‘मांडणीवर हाय. उचला.’’

‘‘तुमी द्या की.’’

‘‘मी गेलोय ना? उचला आता.’’

भीमाबाईने मांडणीवरची साखरेची पुडी दोन्ही हातांनी, प्रसादासारखी उचलली. आप्पा म्हणाले, ‘‘बघा, काय झालं का?’’ काही झालं नव्हतं. तिने आजूबाजूला पाहिलं आणि एक चहाची पुडीही उचलली. मागच्या बाईने खोबरं घेतलं. दुखवट्याला येताना पैसे घेऊन कोण येतं, म्हणून ते सगळं पुन्हा जागेवर ठेवावं लागलं, पण जागा मात्र प्रत्येकीला बरोबर सापडली. साखर आप्पांनी वाटली. रात्री आम्ही सगळ्यांनी ती कडू भाकरी खाल्ली. पिठलं उत्तम होतं. आप्पांनी दोनदा घेतलं.

बाजाराच्या दिवशी पहाटेच आप्पांनी हमाल बोलावले आणि फळी उचलायला लावली. मांडण्या रिकाम्या करायला शैलाने खोकी काढून ठेवली. हमालांनी फळी मागच्या दाराने आणली, दुकानाच्या मधून नेली, आणि आप्पा ‘‘अजून फुडं, अजून फुडं’’ म्हणत गेले. फळी पायरीवर, आत जायची वाट तेवढी मोकळी सोडून, नेमकी चपलांच्या जागी, रस्त्याकडे तोंड करून बसली. तिच्यामागे आप्पा बसले. पुढे चपला ठेवायला जागाच उरली नाही.

सबंध बाजार ते जिवंत आहेत का हे पाहायला येऊन गेला. निरगुडसरचे पागोटेवाले आले. ‘‘राव, तुमी तर गेला व्हता.’’

‘‘आलो परत. पायात असू द्या, आन् आत जा. टोपली घ्या.’’

चपला काढायला वाकलेल्या प्रत्येकाला ते हेच सांगत होते. काही म्हातारी माणसं आत गेलीच नाहीत. फळीला टेकून त्यांनी सामान सांगितलं आणि शैलाने टोपली घेऊन ते गोळा करून दिलं. बाकीची आत गेली, आणि दुपारनंतर त्यांचे हात पाठीमागे नव्हते. पांढरी फरशी संध्याकाळी मातीच्या रंगाची झाली होती. ती कशी धुवायची, हे मी शैलाला लिहून दिलं.

दिवे लागल्यावर शैलाने आप्पांना विचारलं, ‘‘मग मांडण्यांचं काय?’’

‘‘फळी परत आली,’’ आप्पा म्हणाले. ‘‘माझा शब्द पुरा झाला. मांडण्यांचं तू बघ.’’

दुसऱ्या दिवशी मी निघाले. परतीला दुपारची गाडी असेल तर पुन्हा डावीकडची खिडकी घ्यावी. हौसाबाईचं गाठोडं आप्पांनी फळीवर उघडून ठेवलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मूठभर हुंगायला देत होते: माझ्या तेराव्याचा तांदूळ, बघा तरी वास. त्यातला थोडा त्यांनी मला बांधून दिला.

सांगलीच्या त्या नव्या दुकानात मी अजूनही जाते. दाराशी कोणी बसलेलं नसतं, सोयीचं आहे. घाटघरचा तांदूळ मात्र तिथे मिळत नाही. आम्ही तो सणावारी पुरवून पुरवून खाल्ला. आप्पा आजही फळीवर असतात, शैलाचा फोन येतो. तांदूळ संपला.