शारजा, दोन घंटे

अमरावतीहून अकोला आणि नागपूरहून शारजा ही अंतरं सारखीच आहेत. दोन तास. माझ्या तिकिटावर तसं छापलेलंच होतं: चारला सुटणार, सहाला पोचणार.

शारजात आमची मनू गरोदर होती आणि तिला डोहाळे लागले होते रोडग्यांचे. आता तिथे विसाव्या मजल्यावर गोवऱ्या पेटवून कणकेचे गोळे कोण भाजणार? मी फोनवर शब्दच देऊन टाकला, "बेटा, गरमच खाशील. दोन घंट्याचा तं रस्ता आहे."

अकोल्याचा माझा साळा रमेश (ह्याला न विचारताही सगळं ठाऊक असतं) लगेच आडवा आला. "भाऊजी, मधात समुद्र हाये. दोन घंट्यात कसे पोचसान?"

मी तिकीट दाखवलं. तरी तो रोडगे वाळून दगड होणार आणि भाऊजी तोंडावर पडणार, हे सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटला. आता प्रश्न पोरीच्या डोहाळ्यांचा राहिला नव्हता, अमरावतीच्या अब्रूचा झाला होता!

बायकोने सकाळीच रोडगे भाजले, तुपात बुडवले आणि डबा तीन टॉवेलांत आणि माझ्या एकुलत्या एक स्वेटरमध्ये गुंडाळला. तो मांडीवर घेऊन मी बायकोशेजारी विमानात बसलो.

माझ्या घड्याळात पावणेसहा झाले तसा मी उठलो. (अकोल्याहून घरी येताना बडनेरा मागे पडलं की एस.टी.च्या दाराशी जाऊन उभं राहायची आमची जुनी सवय.) हवाई सुंदरीने मला परत बसवलं. मी पुन्हा उठलो, तेव्हा तिने माझा पट्टा स्वतःच्या हाताने आवळला.

बायकोने खिडकीतून खाली पाहिलं. "अवो, खाली पाणी हाये. तिथं उतरता काय?"

शेवटी शेजारच्या प्रवाशाला दया आली. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, प्रवास साडेतीन तासांचा आहे, असं त्याने समजावलं. मांडीवर रोडगे निवत होते आणि डोळ्यांसमोर रमेश हसत होता. मी गळ्यातला मफलरही डब्याला गुंडाळला.

उतरलो, तर भिंतीवरच्या घड्याळात बरोबर सहा! मी बायकोला डब्यासकट घड्याळाखाली उभं केलं, फोटो काढला आणि रमेशला पाठवला. मनूने गाडीतच रोडगा फोडला. तूप कोपरापर्यंत ओघळलं. "बाबा, अजून कोमट आहे," म्हणाली आणि रडायलाच लागली. मला आभाळ ठेंगणं झालं.

महिन्याने परतलो. येताना तिकिटावर पाच तास निघाले आणि रमेशने ते नेमके मोजले.

"भाऊजी, जातानी दोन घंटे, मग येतानी पाच कावून?"

खरं सांगितलं असतं तर फोटो वाया गेला असता. मी शांतपणे म्हणालो, "जातानी उतार हाये."

त्याला ते पटलं! फक्त माझ्या दुर्दैवाने त्याने ते पुढे अख्ख्या अकोल्याला पटवायला घेतलं. परवा त्याच्याकडे जेवायला पोचायला मला उशीर झाला, तर दारातच पंधरा माणसांनी एका सुरात विचारलं, "काय भाऊजी, चढ लागला काय?"