पहिली फोड

तळमजल्यावरच्या कुंदामावशींच्या लोणच्याला कसलंही लेबल नसतं. कुठे शिकलात म्हणून विचारलं तर "सासूच्या हाताखाली" एवढंच सांगतात. तरी आमची अख्खी सोसायटी वर्षानुवर्षं डोळे मिटून त्यांचं लोणचं नेते, कारण त्यांची एक रीत आहे. तुमच्यासमोर बरणीच्या तोंडावर बांधलेला फडक्याचा दादरा सोडायचा, पहिली फोड स्वतः खायची आणि मगच तुमची बाटली भरायची.

आज सकाळी त्यांनी दादरा सोडला, डाव घातला, माझी बाटली भरली. फोड मात्र तोंडात टाकली नाही.

"मावशी, चव नाही घेतलीत?"

"डॉक्टरांनी मीठ बंद केलंय गं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता दादऱ्याची दोरी बांधत राहिल्या, एका गाठीवर दुसरी, दुसरीवर तिसरी.

कारण खरंही असेल. पण इतकी वर्षं आपण कशाच्या भरवशावर जेवलो, ते मला जिना चढताना कळलं. आपल्याआधी कुणीतरी खाल्लंय, एवढ्याच भरवशावर.

आता बाटली ओट्यावर आहे. तेल बोटभर वर आहे, रंगही नेहमीचाच. फक्त तळातून एक बुडबुडा निघतो, फोडींमधून वाट काढत वर येतो आणि फुटतो. थोड्या वेळाने दुसरा.

बाहेर सासरे पानावर बसलेत. "सूनबाई, मावशींचं लोणचं आणलंस ना? वाढ की!"

मी चमचा हातात घेऊन उभी आहे. या घरात पहिली फोड कुणी खायची, हे आजवर कधी ठरवावं लागलं नव्हतं.