आधी सेल, मग तोंड

रस्त्यात कुणीही भेटलं की आमचे कॉईलकाका पहिलं विचारायचे, "घरात जुना एक्स-रे हाय काय रे?" नवख्या माणसाला वाटे, म्हातारा कुठल्या तरी दवाखान्यात कंपाउंडर असावा. ते लालबागला आमच्या चाळीच्या जिन्याखाली लाउडस्पीकर दुरुस्त करत. नवी कॉईल बसवताना ती चुंबकाला घासू नये म्हणून एक्स-रेच्या पातळ पट्ट्या कापून मध्ये खोचत आणि गोंद सुकला की अलगद ओढून काढत. निम्म्या चाळीची मोडलेली हाडं त्यांच्या कामी आली होती. काकूंच्या छातीच्या एक्स-रेंचं पाकीट मात्र खिळ्याला टांगलेलं असे. त्याला त्यांनी कधी कात्री लावली नाही.

स्पीकर आला की पेन्सिल सेलच्या दोन वायरी त्याला टेकवत. पुढचा कागद टक करून हलला तर कॉईल शाबूत. तोवर गिऱ्हाइकाने कितीही डोकं खाल्लं तरी हे गप्प. "आधी सेल, मग तोंड," म्हणायचे. एकदा पाण्याचा पंप बिघडला म्हणून मी शेजाऱ्याच्या नावाने खडे फोडत होतो, तर मलाच म्हणाले, "सेल लावलास? नाय ना? मग तोंड कशाला उघडलंस?" शेजारी खरंच निर्दोष निघाला.

पुढे ब्लूटूथचे डबे आले आणि जिन्याखाली कोणी फिरकेनासं झालं. "ह्याला उघडायला स्क्रूच नाय," असं ते डबा हातात फिरवत म्हणत. त्याच सुमारास काकू अंथरुणाला खिळल्या. त्यांची खिडकी नेमकी चाळीच्या पूजेचा मंडप पडायचा त्या बाजूला उघडायची.

चाळीच्या सत्यनारायणाच्या आदल्या दिवशी मंडळाचा मोठा स्पीकर मुका झाला. मी मंडळाचा सेक्रेटरी. स्पीकर उचलून काकांकडे नेला. त्यांनी नीट पाहिलंही नाही.

"कॉईल जळली. होणार नाय."

सेल त्यांच्या हाताशीच पडला होता. त्यांनी तो उचलला नाही. मला तिथल्या तिथे सगळं कळलं. काकूंना आठ दिवस झोप नव्हती. यंदा स्पीकर नको, एवढं एक वाक्य बोलणं माझ्या हातात होतं. पण मंडळातली पोरं टर उडवतील या धास्तीने मी नुसतं "बरं" म्हटलं आणि भाड्याने दोन स्पीकर आणले, आधीच्याहून मोठे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते कोकलत होते. काका खिडकीवर गोधडी ठोकताना दिसले. मी मान फिरवून प्रसाद वाटत राहिलो.

काकू त्याच आठवड्यात गेल्या. आजारच तसा होता, कुणी काही करू शकलं नसतं. पण त्यांना शेवटचे चार दिवस निवांतपणा मिळायला हवा होता. तो मिळाला नाही.

तेरावं उरकल्यावर काका तो स्पीकर घेऊन माझ्या दारात उभे राहिले. कायमचे गावी निघाले होते. खिशातून सेल काढून त्यांनी वायरी टेकवल्या. टक.

"कॉईल चांगली होती. आतली वायर तेवढी सुटलेली. तुझ्याशी खोटं बोललो रे मी. आयुष्यात पहिल्यांदा. माफ कर."

मला तेव्हाच कळलं होतं, एवढंच सांगायचं होतं.

"असू दे, काका," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. माझ्या पाठीवर थाप मारून ते जिना उतरले. त्यांना माफ केलं. मी!