विचार करून उत्तर द्या

आज माझ्या एका वाक्यामुळे एका चांगल्या बाईची नोकरी गेली, म्हणून लिहिते आहे.

आमच्या पिरंगुटच्या कारखान्यात कंत्राटी बायकांना कायम करण्याआधी संगणकावर स्वभावाची चाचणी घेतली; नापास होईल तिला कामावरून काढणार होते. त्यांची सुपरवायझर म्हणून मीच बजावलं, "घाई नको. विचार करून उत्तर द्या."

भरे गावच्या संगीताने तेवढं ऐकलं. 'तुम्हाला एकटं वाटतं का?' या प्रश्नावर ती थांबली. शेजारच्या संगणकावरची बाई म्हणाली, "संगे, दाब की गं कायबी!"

शेजारीण पास झाली. संगीताचा शेरा: उत्तराला उशीर, मन अस्थिर. संगणक वेळही मोजतो, हे मला ठाऊक नव्हतं. साहेबांना सांगितलं, ते बधले नाहीत.

संगीता मला म्हणाली, "माझं मालक वारून दोनच म्हैनं झालं, बाई. खोटं कसं लिवू?"

तुम्ही किती सेकंदांत उत्तर दिलं असतं?

पाच वाजता तिने माझ्याकडे जमा केलं: ओळखपत्र, टोपी, लॉकरची किल्ली.