रिठी गावाची लोकसंख्या

केंद्रप्रमुखांनी शाळांसाठी एक पुस्तिका लिहायला सांगितली तेव्हा मी मनातून खूशच झाले होते. आपलं कन्हानचं खोरं, त्याचा इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या. "मॅडम, तुम्ही तर तिकडच्याच," असं ते म्हणाले. निवृत्तीला सहा महिने उरलेल्या मास्तरणीला असं काम दिलं की ती बाकीच्या तक्रारी करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. नागपूरच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी कागद पसरून बसले.

भूगोल आठ दिवसांत झाला. कन्हान सातपुड्यातून उतरते, कामठीजवळ पेंचला सोबत घेते आणि पूर्वेकडे वैनगंगेला जाऊन मिळते. काठाला काळी माती, वर गेलं की मुरमाड बरड. इतिहासही झाला. गोंडांचं राज्य, भोसल्यांचं राज्य, मग इंग्रजांची छावणी, कोळशाच्या खाणी, आणि आता मौद्याकडे दिसणाऱ्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या. लोकसंख्येच्या पानावर मात्र माझं घोडं पेंड खाऊ लागलं.

तालुक्याहून गावांची यादी आली होती. माझ्या गावापुढे एकच शब्द होता : रिठी. ज्या गावाचं नाव कागदावर आहे, शेतं आहेत, पण राहतं माणूस एकही नाही, त्या गावाला आमच्याकडे रिठी म्हणतात. पुढच्या रकान्यात शून्य. आणि त्या शून्याच्या घरी मी मागच्याच रविवारी चहा पिऊन आले होते.

तिथं माझी मोठी माय राहते. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून मला हिनेच वाढवलं. तिला स्वतःचं मूल नाही. मोठे बाबाही जाऊन खूप वर्षं झाली. माझं शिकणं, डीएड, नोकरी, सगळं तिच्या हट्टामुळे झालं. वडील म्हणत, पोरीला कशाला शिकवायचं. ती म्हणे, मग रेतीत राबवायचं का जलमभर.

रेतीत राबणं म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्याला शेती नव्हती, नदीच होती. दिवाळीनंतर पाणी उतरलं की रेती उघडी पडे. मोहल्ल्यातले जुने लोक बांबू घेऊन ती रेती मोजायचे आणि घराघराला तुकडा वाटून द्यायचे. त्यात नाल्या खणायच्या, शेणखत भरायचं, टरबूज, डांगर, काकडी लावायची; हीच आमची डांगरवाडी. तुराट्यांची झोपडी बांधून पाऊस येईपर्यंत तिथंच राहायचं. गावातल्या घराला कुलूप नसायचं. दाराला बाभळीची काटी आडवी लावली की झालं. कुलूप चोरासाठी असतं, काटी गुरांसाठी, आणि आमच्याकडे चोरून नेण्यासारखं काही नव्हतं. दारावर काटी दिसली की शेंबड्या पोरालाही कळायचं, घरचे नदीवर आहेत. मी स्वतः त्या झोपडीत बसून पाढे पाठ केलेत.

मग, मी मास्तरीण झाल्यावर काही वर्षांनी, मोठा पूर आला. अर्धं गाव पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर ठरलं की गाव उचलून वर बरडावर न्यायचं, राहत्या प्रत्येक कुटुंबाला प्लॉट द्यायचा. त्यासाठी घरोघर सर्व्हे. आणि अशी कामं कोणाच्या गळ्यात पडतात हे काय सांगायला पाहिजे? मास्तरांच्या. तालुक्याने मला माझंच गाव दिलं आणि वर तंबी दिली, आपलं गाव आहे म्हणून सोयऱ्याधायऱ्यांची नावं घुसडायची नाहीत.

फेब्रुवारी महिना होता. मोहल्ला नदीवर. कोतवालाने दवंडी दिली तसा घरोघरचा एक माणूस गावात येऊन बसला, नावं सांगून गेला. मोठी माय तेवढी आली नाही. शेजारणीने तिला चल म्हटलं होतं. ती म्हणाली, "सर्व्हेवाली आपलीच पोरगी हाये. ते मले विसरते का?"

नियम असा होता की तीनदा जायचं, तिन्ही वेळा घर बंद दिसलं तर 'कायम वास्तव्य नाही' असं लिहायचं. मी तीनदा गेले. तिन्ही वेळा दाराला काटी होती. तिसऱ्या वेळी तपासणीला तालुक्याचे साहेब सोबत होते. त्यांनी विचारलं, "इथं कोणी राहत नाही का?" मी म्हणाले, "तिन्ही वेळा बंदच आहे, सर." आणि तसं लिहून खाली सही केली. रेतीतली तिची झोपडी तिथून अर्ध्या तासाच्या अंतरावर होती. ती काटी काय सांगते हे त्या अख्ख्या तालुक्यात सर्वांत चांगलं मला ठाऊक होतं.

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली तेव्हा ती नदीवरच होती. हरकतींची मुदत संपली तेव्हाही नदीवरच. तिला वाचताही येत नाही. मृगात ती डोक्यावर भांडी घेऊन घरी परतली तेव्हा तिला कळलं की सगळ्यांना प्लॉट मिळाले आणि आपल्याला नाही.

माझ्यावर ती एका शब्दाने रागावली नाही. मीच धावपळ केली, म्हणजे धावपळ केल्यासारखं केलं. ऑफिसातल्या बाबूने फाइल उघडून माझीच सही मला दाखवली. राशन कार्ड, मतदार यादी काही चालेना. "सर्व्हे चुकला असं सर्व्हे करणाऱ्यानं लिहून द्यावं लागेल," तो म्हणाला. "पण मॅडम, मग खोटी नोंद कशी केली म्हणून चौकशी लागते. बघा बुवा." मी बघितलं. तेव्हा मुख्याध्यापकपदाच्या यादीत माझं नाव होतं. मग मुलीचं लग्न निघालं. मग बदली. कारणांना काय तोटा? दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी लिहून देते.

तिला मी नागपूरला नेलं होतं. पंधरा दिवस राहिली. तिसऱ्या मजल्यावर तिचा जीव रमला नाही. "इथं मातीच नाई दिसत वं," म्हणाली आणि परत गेली. मोहल्ल्यासकट सगळं गाव वर बरडावर गेलं, त्यांची नोंदही तिकडेच; खाली जुन्या गावात ती एकटी. पूर्वी शेजारून मागून आणायची ते विस्तव-मीठ आता टेकडी चढून आणते. रेतीही आता ट्रकांनी उपसून नेली, डांगरवाडी संपलीच. मागच्या पावसाळ्यात पाणी तिच्या ओट्याला लागलं होतं. जुलै-ऑगस्टात माझा फोन वाजला की नाव न बघताच मी तो उचलते. मी घाबरट बाई आहे, हे मी इथं लिहूनच टाकते.

पण त्या शून्यापुढे माझा हात चालेना. पोरं ते पान पाठ करतील, पेपरात लिहितील, आणि बरोबरची खूण मिळवतील. मी नव्या कागदावर अर्ज लिहिला. घर बंद नव्हतं, कुटुंब नदीवर होतं, चुकीची नोंद माझ्या हातून झाली, नियमावर बोट ठेवून मी नदीपर्यंत जायचं टाळलं. पेन्शन अडेल तर अडेल. पाऊस यायच्या आत तिला वर न्यायला पाहिजे. सोबत तिचा अंगठा लागत होता, म्हणून रविवारी पहिल्या बसने निघाले.

ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी कागद वाचून दाखवला. ती सूप हलवत ऐकत राहिली.

"तुह्या नोकरीले काई होईन का?" तिने विचारलं.

"होऊ दे. तू आंगठा दे, मोठी माय. चूक माही आहे. मी नदीवर यायला पाहिजे होतं."

"नदीवर कायले? मी तं इथंच होती."

माझ्या हातातलं शाईचं पॅड तसंच राहिलं.

"त्या दिशी भाकरीचा तवा न्याले आली होती मी. तू दारापाशी उभी होती. संगं सायेब होता." तिने मोहल्ल्याच्या टोकाच्या निंबाकडे बोट केलं. "मी तथी उभी होती, डोक्यावर टोपलं घेऊन."

"मग हाक काहून नाही मारली?"

"कशी मारू वं? तुह्या अंगावर चांगली साडी होती, गयात ते ऑफिसचं कार्ड होतं. मी शेणाखतानं भरली होती, पायात चप्पल नाई. सायेबानं इचारलं असतं, हे कोण, तं तू काय सांगतं? म्हटलं, जाऊ दे. पोरगी लिहून राहिली तं बरोबरच लिहीत असन."

तिने शांतपणे अंगठा पुढे केला. मी तो पॅडवर दाबला, कागदावर टेकवला. तिने तोच अंगठा पदराला पुसला आणि चहा ठेवायला आत गेली.

मी ओट्यावर बसून राहिले. निंब अजून तिथंच आहे. दारापासून मोजून पंचवीस पावलं. त्या दिवशी मी त्याच दिशेला तोंड करून उभी होते. साहेबांनी प्रश्न विचारला तेव्हा मी मान वर केली होती. टोपलं दिसलं, त्याखालचा चेहराही दिसला, आणि मी मान खाली घालून लिहायला लागले. इतकी वर्षं मी नियमाचं, उन्हाचं, नदीच्या अंतराचं सांगत आले, स्वतःलासुद्धा. अर्जातही तेच लिहून आणलं होतं.

ती चहा घेऊन बाहेर आली तोवर मी नदीचं वाक्य खोडलं होतं. त्याच्या वर, जागा होती तेवढ्यात, लिहिलं : घराची मालकीण समोर उभी होती, मी तिला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिने विचारलं, आता आणिक काय लिहून राहिली? मी तिला ते वाक्य वाचून दाखवलं.

तिने कप माझ्यासमोर ठेवला आणि ती निंबाकडे बघत बसली.